डावीकडून तिसरा

४ फेब्रुवारी

सूनबाई,

तू शिकवतेस त्या संस्थेच्या पत्त्यावर लिहिते आहे, कारण तेवढाच पत्ता माझ्याकडे आहे. फोन तू उचलत नाहीस, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पत्राचं एक बरं असतं. समोरच्यानं ते वाचलं की तसंच कपाटात टाकलं, लिहिणाऱ्याला कळत नाही.

कामापुरतंच लिहिते. स्टुडिओतल्या कॉम्प्युटरवरचं फोटो दुरुस्त करायचं सॉफ्टवेअर बंद पडलं आहे. उघडलं की चौकट येते, मुदत संपली, पुढे चालू ठेवायचं तर पैसे भरा. ते तुझ्या ईमेलवर होतं आणि तुझ्या कार्डातून पैसे जात होते, हे मला परवा कळलं. तू गेल्यावरही सात महिने जात राहिले असणार. ते तू मुद्दाम चालू ठेवलं होतंस का, असं विचारणार होते, पण नको.

मी आपल्या चिरंजीवांना विचारलं, "म्हणजे ते आपण विकत घेतलं नव्हतं?"

"आई, ते विकत मिळतच नाही. भाड्यानंच असतं. आणि आता भाडं वाढलंय."

मला गंमत वाटली. तुझ्या सासऱ्यांनी आणलेला, फोटोतले डाग झाकायचा रिटचिंगचा ब्रश अजून माझ्या ड्रॉवरमध्ये आहे. त्याचे केस निम्मे झडले, पण आपली मुदत संपली असं तो कधी म्हणाला नाही.

तर प्रश्न असा. तू केलेल्या सगळ्या फाइली त्या भाड्याच्या घरात कोंडल्यासारख्या झाल्यात. त्या दुसऱ्या कशात उघडतात का? एका ओळीत कळवलंस तरी चालेल.

तू निघालीस तेव्हा मी बाजारात गेले होते. घरी असते तर अडवलं असतं, हे तुला माहीत असावं म्हणून लिहिते.

आई


१५ फेब्रुवारी

सूनबाई,

तुझं उत्तर आलं नाही, पण उत्तर मिळालं. समोरच्या शाळेतून निवृत्त झालेले चित्रकलेचे मास्तर पासपोर्ट फोटो काढायला आले होते. फोटो काढून झाला, पण पांढरी पार्श्वभूमी करून देणार कोण? चिरंजीव कार्यक्रमाच्या शूटिंगला बाहेर. मी त्यांना खरं ते सांगितलं.

मास्तर खुर्ची ओढून बसलेच. "वहिनी, जगात एकच दुकान आहे असं कुणी सांगितलं तुम्हाला?" त्यांनी गिंप नावाचं काहीतरी उतरवून दिलं. त्याच्या चिन्हात एक प्राणी आहे, तोंडात ब्रश धरलेला. कुत्रा म्हणावा तर कोल्ह्यासारखा, कोल्हा म्हणावा तर फारच भोळा. मी विचारलं, याचं भाडं किती? तर म्हणे काही नाही. जगभरातली माणसं फावल्या वेळात ते बनवतात आणि वाटतात. मी म्हटलं, फुकटची वस्तू किती दिवस टिकणार? मास्तर म्हणाले, "फुकट नव्हे वहिनी, मोकळी म्हणा. हिच्या आत काय आहे ते कुणीही उघडून बघू शकतं."

हे मला फार आवडलं. आपल्या घरात उघडून बघता येईल अशा गोष्टी कमीच आहेत.

मास्तरांनी पार्श्वभूमी पांढरी कशी करायची ते दाखवलं आणि फोटो घेऊन गेले. मग दुकानात मी एकटी आणि तो प्राणी. दुपारभर गिऱ्हाईक नव्हतं. मी सगळी बटणं दाबून पाहिली. एकदा मास्तरांचे कान हिरवे झाले. ते परत कसे आणायचे हे कळेना, म्हणून मी कॉम्प्युटर बंद करून पुन्हा चालू केला. नंतर समजलं की कंट्रोल आणि झेड दाबलं की झालं. चौसष्ट वर्षांच्या आयुष्यात असं बटण मला पहिल्यांदाच सापडलं.

दुसरे दिवशी अर्धा तास कपाळाला हात लावून बसले, कारण सेव्ह केलेला फोटो प्रिंटरवाल्याकडे उघडेना. सेव्ह केलं की ते आपल्याच पद्धतीनं ठेवतं, बाहेर द्यायचा फोटो हवा तर एक्स्पोर्ट म्हणावं लागतं. तुला हे ठाऊक असेलच. मला कुणी सांगितलं नव्हतं, म्हणून ते शोधून काढल्याचा आनंद माझा स्वतःचा.

तू उत्तर दिलं नाहीस ते एका अर्थी बरंच झालं.

आई


२७ फेब्रुवारी

सूनबाई,

आता मी रोज दोन ते पाच कॉम्प्युटरवर असते. चिरंजीव म्हणतात, आईला नवं खूळ लागलंय. लागू दे.

मास्तरांनी आणखी दोन-तीन गोष्टी दाखवल्या. एक तर काही न उतरवता इंटरनेटवरच उघडतं. त्यात तुझ्या फाइली छान उघडतात, पण शेजारी जाहिराती नाचत असतात, माझं लक्ष तिकडे जातं. क्रिता म्हणून एक आहे, ते खरं चित्र काढणाऱ्यांसाठी. त्यातले ब्रश इतके खरे वाटतात की मी हात पुसायला फडकं घेतलं. डार्कटेबल म्हणून एक आहे, ते कॅमेऱ्यातून आलेल्या कच्च्या फाइलींसाठी. मी नाव ऐकलं आणि डोळे भरून आले, हे मास्तरांना कळलं नसावं. आपल्या जिन्याखालची अंधारी खोली आठवली, तो लाल दिवा, रसायनांचा वास. आता तिथे जुनी फ्लॅश-छत्री आणि मोडकी खुर्ची आहे.

मी तुला कधी सांगितलं होतं का, की लग्न होऊन आल्यावर पहिली बारा वर्षं या दुकानाचं रिटचिंग मी करत होते? निगेटिव्हवर पेन्सिलनं. टोक सुईसारखं करायचं आणि स्वल्पविरामासारख्या बारीक रेघा ओढायच्या, एकीवर एक, म्हणजे सुरकुती भरून निघते. प्रत्येकाची रेघ वेगळी असते. माझी डावीकडे वळायची. तुझे सासरे भिंगातून बघून सांगायचे, ही तुझी, ही माझी.

मग कॉम्प्युटर आला, त्यानंतर तू आलीस. पेन्सिली गेल्या. मी काउंटरवर बसून पावत्या फाडायला लागले.

तुझा मला राग यायचा, हे तुला कळत होतं का? तू माऊस घेऊन बसायचीस आणि मी मागून म्हणायचे, "यात काय, सगळं मशीनच करतं." एकदा नव्हे, गिऱ्हाइकांसमोरही. आता स्वतः बसते तेव्हा कळतं की मशीन काहीच करत नाही. एका जुन्या फोटोतली एक चीर भरायला मला चार दिवस लागले. शेजारची कातडी उचलून चिरेवर ठेवायची, पण कागदाचा दाणा जुळला नाही तर ठिगळ दिसतं. उजेड कुठून आलाय ते बघावं लागतं. तू पंपघराच्या कामगारांच्या त्या जुन्या फोटोला पाच महिने घेतलेस, तेव्हा मी जेवताना म्हटलं होतं, इतक्या वेळात घर बांधून झालं असतं. ते वाक्य परत घेते. त्यासाठी बटण नाही, म्हणून लिहून घेते.

तो फोटो आता संग्रहालयाच्या पहिल्याच दालनात लावलाय. त्यांच्याच जुन्या फोटोंच्या स्पर्धेत पहिला आला, त्याची ढाल आपल्या काउंटरवर आहे. ढालीवर चिरंजीवांचं नाव आहे, हे तुला कळलंच असेल. रोज पुसते ती.

आई


९ मार्च, सकाळी

सूनबाई,

आज घाईत आहे, पण तुला सांगितल्याशिवाय चैन पडणार नाही.

मागच्या गल्लीत कपड्यांची दुरुस्ती करणाऱ्या बाई आहेत ना, तोंडात टाचण्या धरून बोलतात त्या. परवा संग्रहालय बघायला गेल्या आणि तशाच पळत माझ्याकडे आल्या. पंपघराच्या फोटोत त्यांचे आजोबा आहेत. फोटोखालच्या यादीत नाव सापडलं: मागची रांग, डावीकडून तिसरा. आजोबांचा एकही फोटो त्यांच्या घरात नाही. त्यांनी आजोबांना पाहिलेलंही नाही, ते फार लवकर गेले.

"काकू, तेवढाच चेहरा मोठा करून द्याल? आत्या अजून आहे माझी. आजोबांची लेक. तिच्या हयातीत भिंतीवर लागायला हवा." बोलता बोलता रडायला लागल्या. "किती देखणे होते हो. मला वाटलंही नव्हतं."

मी म्हटलं, देते की. कोण करणार असं त्यांनी विचारलं तेव्हा मी छाती फुगवून म्हटलं, मी.

तुझी मूळ फाइल जुन्या डिस्कवर सापडली. फार जड आहे, उघडायला चहा होऊन जाईल एवढा वेळ घेते. आत्ता तेच चाललंय. उघडली की तुझं काम आतून बघायला मिळणार, म्हणून मी सकाळची भांडीसुद्धा तशीच ठेवली आहेत.


९ मार्च, दुपारी

तेच पत्र पुढे लिहिते.

फाइल उघडली. काही थर, म्हणजे एकावर एक ठेवलेले लेयर, गिंपला समजले नाहीत, पण बहुतेक उघडले. अठ्ठावन्न थर. प्रत्येकाला तू नाव दिलंयस, आणि मराठीत. मी एकेक वाचत गेले. "टोपी, खरी." "खांद्यावरचा डाग आहे, सावली नाही." "कान शेजारच्याचा उचलला नाही, त्याचाच." मला वाटलं मी तुझी वहीच चोरून वाचते आहे. सात वर्षं एका घरात राहून तू माझ्याशी इतकं बोलली नव्हतीस. मी बोलू दिलं नव्हतं, असंही म्हणता येईल.

प्रत्येक थरापुढे डोळ्याचं चित्र असतं. ते दाबलं की तो थर दिसेनासा होतो. मी एकेक डोळा मिटत, उघडत खेळत बसले. मग मागच्या रांगेतल्या तिसऱ्याकडे आले. तिथे दोन थर होते. खालच्याचं नाव: "चेहरा उरलेला नाही. भरू नये." आणि त्याच्यावर एक थर, ज्याला नावच नव्हतं. नुसता "लेयर ५९ कॉपी".

सूनबाई, सगळ्या थरांत बिननावाचा तेवढाच होता.

त्याचा डोळा मिटला, तर आजोबांच्या जागी टोपी आणि खांदे, मध्ये करडा, ओल लागलेला कागद. डोळा उघडला की पुन्हा तो देखणा माणूस.

मी तो चेहरा मोठा केला, पडदाभर. आणि डोळ्याच्या वर, भुवईत, बारीक रेघा दिसल्या. स्वल्पविरामासारख्या. उजवीकडे वळलेल्या.

मला पहिल्यांदा काही कळलं नाही. कुणीतरी माझ्यासारखंच काम केलंय, एवढंच वाटलं. मग हात आपोआप गेला आणि मी तो चेहरा आरशासारखा उलटा केला. रेघा डावीकडे वळल्या.

तुझ्या सासऱ्यांच्या भुवईत लहानपणी पडल्याची खूण होती. लग्नाच्या पहिल्या वर्षी त्यांचा एक फोटो काढला, बावीस वर्षांचे होते. मी त्यांना न विचारता निगेटिव्हवरच ती खूण भरून टाकली. प्रिंट बघून ते हसले होते. म्हणाले, "हा कोण? माझ्यापेक्षा बरा दिसतो."

त्या बाई माझ्या नवऱ्याकडे बघून रडल्या.

पुढे लिहवत नाही.


१२ मार्च

सूनबाई,

पहिल्या पत्रात मी एक खोटं लिहिलं. तू निघालीस तेव्हा मी बाजारात नव्हते. दुकान आणि घराच्या मधे जो पडदा आहे, त्याच्यामागे उभी होते. तुझ्या बॅगेचं चाक उंबऱ्याला अडकलं, तू दोनदा ओढलंस. मला हात पुढे करता आला असता.

त्याच्या आधीच्या आठवड्यात तुमचं भांडण झालं तेही मी ऐकलं होतं. तू म्हणत होतीस, चेहरा नाही तर नाही, जागा रिकामी ठेवू. तो म्हणत होता, रिकाम्या जागेला कुणी बक्षीस देत नाही. कुणाचा चेहरा घालायचं चाललंय हे मला माहीत नव्हतं, हे खरं आहे. पण तू माझ्याकडे आलीस, "आई, तुम्ही तरी सांगा," म्हणालीस, आणि मी काय म्हटलं ते तुला पाठ असेल. "एका चेहऱ्यासाठी एवढं काय?"

तू गेल्यावर बक्षीस समारंभ झाला. मी पहिल्या रांगेत नवी साडी नेसून बसले होते आणि टाळ्या वाजवत होते. पडद्यावर माझा नवरा दिसत होता, टोपी घातलेला, दुसऱ्याच्या खांद्यांवर. मी ओळखला नाही.

काल चिरंजीवांना समोर बसवलं आणि तो बिननावाचा थर दाखवला. डोळा मिटला, उघडला, मिटला.

"हे तू उघडलंस कशात?" त्यानं पहिलं हेच विचारलं.

"ते जाऊ दे. बाबाच का?"

"हाताशी होते. दुकानाच्या जुन्या डब्यात. उजेड जुळत होता." मग म्हणाला, "लोकांना चेहरा लागतो, आई. तू नाही का बारा वर्षं लोकांच्या सुरकुत्या भरल्यास?"

दिवसभर विचार केला तेव्हा एवढंच सुचलं, की मी ज्याची सुरकुती भरायचे तो माणूस समोर बसलेला असायचा. नको म्हणायला त्याला तोंड होतं. तू नेमकं हेच म्हणत होतीस का? की तुझं म्हणणं आणखी वेगळं होतं? मला खरंच जाणून घ्यायचंय.

त्याला मी म्हटलं, "त्या बाईंना मी सांगणार. संग्रहालयाला तू सांगतोस की तेही मीच?"

तो उठून गेला. जेवला नाही.

आई


२० मार्च

सूनबाई,

सांगितलं. दुकानात बोलावून, पडद्यावर दाखवून. गिऱ्हाईक येऊ नये म्हणून दार लोटून घेतलं होतं.

त्यांनी टाचण्या तोंडातून काढून हातावर घेतल्या. मी डोळा मिटला, आजोबांचा चेहरा गेला. त्या म्हणाल्या, "म्हणजे माझे आजोबा तिथे नाहीतच."

"आहेत. चेहरा उरला नाहीये."

"मी आत्याला फोनवर सांगितलं, काकू. नाक कसंय, डोळे कसे आहेत, सगळं सांगितलं. ती म्हणाली, मला तर आठवतच नाही बाबा इतके गोरे होते." त्यांचा आवाज चढला. "कोण आहे हा माणूस?"

"माझे मिस्टर," मी म्हटलं.

त्या खुर्चीवरून उठल्या. वाटलं काहीतरी बोलतील, शिव्या देतील, मी तयार होते. त्यांनी फक्त विचारलं, "तुम्हाला चालेल का तुमच्या मिस्टरांना कुणी दुसऱ्याच्या घरी हार घातला तर?" आणि दार उघडून गेल्या. दुरुस्तीला दिलेले माझे दोन ब्लाउज त्यांच्याकडे होते, ते संध्याकाळी कुणाकरवी तसेच परत आले.

ही झाली बुधवारची गोष्ट. शुक्रवारी चिरंजीव उशिरा उठले. दाढी केली, काउंटरवरची ढाल उचलली, पिशवीत घातली आणि बाहेर पडले. मी विचारलं नाही. दुपारी आले तेव्हा पिशवी रिकामी होती. म्हणाले, "संग्रहालयाच्या बाई म्हणाल्या, फोटो काढून ठेवतो, काय करायचं ते समिती ठरवेल." मग पाणी प्यायले आणि म्हणाले, "काम तिचं होतं तेही सांगितलं. सगळं. त्यांनी लिहून मागितलं, लिहून दिलं."

मी त्याची वकिली करत नाही. आई आहे म्हणून जेवढी होते तेवढी होऊ देत नाही. झालं ते कळवते.

तो थर मी पुसला नाही, पण त्याला नाव दिलं. "हा माझा नवरा. इथला नव्हे." तुझ्या नावांच्या ओळीत माझं एक नाव बसलं, तुझी हरकत नसावी.

आई


३ एप्रिल

सूनबाई,

हे पत्र जरा लांबेल.

काल सकाळी दुकान उघडते तर पायरीवर त्या शिवणाऱ्या बाई, आणि रिक्षातून उतरणाऱ्या एक म्हाताऱ्या बाई. त्यांच्या आत्या. ऐंशीच्या पुढच्या, पण चष्मा लावून सुईत दोरा ओवतील अशा. भाची माझ्याकडे बघत नव्हती. म्हणाली, "आत्या ऐकतच नाही. रिकामा तर रिकामा, मला बघायचाय म्हणते."

मी फाइल उघडायला लावली आणि वेळ लागेल म्हणून चहा टाकला. आत्याबाई त्या वेळात दुकान बघत होत्या. पडदा, छत्र्या, तिपाई. मला विचारलं, "हे तुम्ही या वयात शिकलात?" मी म्हटलं, हो, जुनं भाड्याचं बंद पडलं म्हणून. "बरं झालं बंद पडलं," त्या म्हणाल्या, आणि मला त्या तिथेच आवडल्या.

फोटो आला. सव्वीस माणसं, पंपघराच्या पायऱ्यांवर. मी मागच्या रांगेतली ती करडी जागा दाखवली. आत्याबाई पडद्याजवळ गेल्या, नाक काचेला लागेल इतक्या. मग मान हलवली.

"हे बाबा नव्हेत."

"आत्या, चेहरा नाहीच आहे तिथे," भाची म्हणाली.

"चेहरा नाही, पण खांदे आहेत ना. हा उंच आहे. बाबा माझ्या आईच्या कानाला लागायचे."

"यादीत लिहिलंय, डावीकडून तिसरा."

"कुणाच्या डावीकडून?"

हे कुणाला सुचलंच नव्हतं. संग्रहालयानं ती यादी मूळ फोटोच्या पाठीमागच्या शाईवरून उतरवली होती, आणि ती लिहिणारा त्या रांगेतलाच कुणीतरी असणार. त्यानं आपली डावी बाजू धरली. मी पुढची रांग तपासली. यादीत पुढची रांग, डावीकडून पहिला म्हणजे मुकादम. आणि गळ्यात मुकादमाच्या शिट्टीची दोरी घातलेला माणूस आपल्या उजव्या टोकाला बसलाय. इतके दिवस सगळी नावं उलटी लागली होती.

मी फोटो सरकवत दुसऱ्या टोकाला नेला. उजवीकडून तिसरा. बुटका माणूस, टोपी जरा मागे, गालावरून एक चीर गेलेली, ती तू भरलीस. बाकी चेहरा शाबूत. मी मोठा केला. मान एका बाजूला झुकलेली, जणू कुणीतरी बोलतंय आणि हा नीट ऐकू पाहतोय.

आत्याबाईंनी हात वर केला आणि पडद्यावरच्या त्या मानेला बोट लावलं.

"पंपाच्या आवाजानं त्यांचा एक कान गेला होता," त्या म्हणाल्या. "बोलणाऱ्याकडे दुसरा कान करायचे. फोटोवाला काहीतरी सांगत असेल." मग हसल्या. "दाढी केलेली नाहीये. फोटोच्या दिवशीसुद्धा केली नाही बाबांनी."

भाची मागे उभी होती. तिला मी खुर्ची दिली. ती बसली आणि मान तशीच तिरकी करून बघायला लागली, आपण काय करतोय हे तिला कळत नव्हतं.

मी तुझे थर पाहिले. त्या माणसावर तीन होते. "चीर." "गाल, त्याचाच दाणा." आणि तिसरा: "मान तिरकी आहे. सरळ करू नये." हे मी आत्याबाईंना मोठ्यानं वाचून दाखवलं. त्यांनी पुन्हा वाचायला सांगितलं. मी पुन्हा वाचलं.

"असं कुणी लिहिलं?"

"माझ्या सुनेनं. हे सगळं तिचं काम आहे."

"कुठे असते ती?"

माझ्या तोंडात आलं होतं, कामानिमित्त बाहेरगावी असते. आठ-नऊ महिने सगळ्यांना हेच सांगत आले आहे. शब्द जिभेवर तयार असतात. पण त्या बाई डोळे पुसत होत्या आणि त्यांच्यासमोर ते निघेना.

"गेली," मी म्हटलं. "या फोटोत खोटा चेहरा घालायचा नाही म्हणाली, आणि आम्ही तिची बाजू घेतली नाही. मुलानं घेतली नाही, मी तर मुळीच नाही. म्हणून गेली."

चिरंजीव तेव्हा पडद्यामागे होते. बाहेर आले नाहीत, पण आत भांड्यांचा आवाज येत होता तो थांबला.

आत्याबाईंनी चष्मा पुसून परत लावला. "मग तिला कुणी कळवलंय का, मी बाबांना ओळखलं म्हणून?"

"नाही अजून."

"मग कळवा की."

म्हणून हे पत्र.

आई